घरीच हाफ इंजिन (इंजिनाचा खालचा भाग) खोलू का?

पडवीवाला, रत्नागिरी: जुनी मारुती ८००, ७९६ सीसीवाली, खालून ठकठक येते आणि गरम झाली की ऑईलची लाईट लुकलुकते, बेरिंग घरीच बदलू का?

खाडीकाठ: बदल की, पण आधी गेज लावून ऑईलचं प्रेशर बघ. खोललंस तर क्रँकचे (पिस्टन फिरवतात तो दांडा) जर्नल, म्हणजे बेरिंग बसतात त्या गोल जागा, मायक्रोमीटरने मोज, ओरखडे असले तर ग्राइंडिंगला (मशीनवर घासायला) दे आणि ०.२५ का ०.५० मिमी अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलच्या मापाचं) ते तिथे ठरल्यावरच बेरिंग घे, लोकं आधीच आणून बसतात. बेरिंगच्या कॅपना (झाकणांना) नंबर टाक, अदलाबदल चालत नाही.

दर्यावर्दी: पावसाळ्यात नको हां भावा! आपल्या खाऱ्या हवेत उघडा क्रँक लगेच गंज धरतो, ऑईल चोपडून प्लास्टिकात गुंडाळ.

पडवीवाला: ग्राइंडिंग कुठे?

खाडीकाठ: कोल्हापूरला ने. आल्यावर क्रँकमधली ऑईलची भोकं धुऊन घे, आत चुरा राहतो.