भाकितं चुकली तरी माइक कायम? स्पोर्ट्स टॉक रेडिओच्या होस्टचं नेमकं काम काय?

कट्टेकरी (धागाकर्ता)

खेळाडू चार सामने फसला की बाकावर. कोचचे दोन सीझन वाईट गेले की घरी. आणि या दोघांना हाकला म्हणून रोज दुपारी माइकवर घसा फोडणारा माणूस मात्र तीस-तीस वर्षं त्याच खुर्चीत. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स टॉक रेडिओबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, पण ती जरा सविस्तर मांडतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: १ जुलै १९८७ ला न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन सुरू झालं. चोवीस तास फक्त खेळ, आणि सामन्याच्या कॉमेंट्रीपेक्षा जास्त वेळ खेळावरच्या गप्पा. पुढच्याच वर्षी ते ६६० एएम या फ्रिक्वेन्सीवर गेलं आणि १९८९ मध्ये माइक फ्रान्सेसा आणि क्रिस 'मॅड डॉग' रुसो ही जोडी दुपारच्या कार्यक्रमात आली. एक सीबीएस या टीव्ही चॅनेलसाठी कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलचा अभ्यास करून बसलेला, दुसरा नुसता किंचाळणारा. २००८ पर्यंत ही जोडी चालली. मग रुसो सॅटेलाइट रेडिओवर गेले, फ्रान्सेसा एकटेच बोलत राहिले. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी निरोप घेतला आणि काही महिन्यांत परतही आले.

आता रुसोंचंच घ्या. ऑक्टोबर २०२३, बेसबॉलची नॅशनल लीग चॅम्पियनशिप सिरीज. फिलाडेल्फिया फिलीज ॲरिझोनाविरुद्ध ३-२ ने पुढे, उरलेले दोन्ही सामने त्यांच्याच मैदानावर. रुसो म्हणाले, ॲरिझोनाने हे दोन्ही जिंकले तर मी तिथल्या तिथे निवृत्त होतो. ॲरिझोनाने दोन्ही जिंकले. रुसो निवृत्त झाले का? कशाला होतील! गळ्यात फलक अडकवून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर फिरले, हशा पिकला, प्रकरण मिटलं.

फिलाडेल्फियाचे रेडिओ होस्ट अँजेलो कटाल्डी तर याहून पुढचे. १९९९ च्या एनएफएल ड्राफ्टला (अमेरिकन फुटबॉल लीगचे संघ कॉलेजचे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम) त्यांच्या डब्ल्यूआयपी स्टेशनने फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे तीसएक चाहते बसमध्ये घालून न्यूयॉर्कला नेले. का, तर रिकी विल्यम्स हाच खेळाडू घ्या म्हणून आरडाओरडा करायला. ईगल्सनी डॉनवन मॅकनॅब घेतला, आणि त्या पोराचं करिअर सुरू झालं ते आपल्याच चाहत्यांच्या हुर्यो ऐकत. याच मॅकनॅबने संघाला पाच वेळा एनएफसी फायनलपर्यंत (म्हणजे लीगच्या अर्ध्या गटाची फायनल) आणि एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. कटाल्डी २०२३ मध्ये सन्मानाने निवृत्त झाले.

माझं म्हणणं असं, की होस्टच्या मतांचा हिशेब कुणीतरी ठेवावा आणि तो दरवर्षी वाचून दाखवावा. बोला.

तिरकस

हिशेब ठेवा की. ऐकणार कोण?

कट्टेकरी, तुम्ही चुकीच्या कामाचा पगार मोजताय. होस्टचं काम भाकीत करणं नाही, रोज साडेपाच तास भरून काढणं आहे. फ्रान्सेसांचा एकट्याचा कार्यक्रम बरीच वर्षं दुपारी एक ते साडेसहा होता. त्यात गाणी नाहीत. काल रात्री न्यूयॉर्कचे दोन्ही बेसबॉल संघ, यांकीज आणि मेट्स, हरले, आणि आज गुरुवार, सामनाच नाही. बोला आता!

हे चालतं कसं ते बघा. काचेपलीकडे कॉल घेणारा पोऱ्या बसलेला असतो. तो प्रत्येकाला विचारतो, नाव काय, कुठून बोलताय, मुद्दा काय. ते होस्टच्या स्क्रीनवर एका ओळीत उमटतं. अमुक तमुक, क्वीन्स (न्यूयॉर्कचाच एक भाग), पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज बदलायला उशीर. दहा जण ताटकळत असतात. त्यातला आत्ता कुणाला घ्यायचा, कुणाला वीस सेकंदांत कापायचा, कुणाला भडकवून सहा मिनिटं चालवायचा, हे होस्ट जाहिरातीचा काटा बघत बघत ठरवतो. हातात काही सेकंदांचा डिले, कुणी शिवी दिली तर ती गिळायला. हे तीस वर्षं जमणं म्हणजे खायची गोष्ट नाही. भाकीत तर मीही करतो, मला कोणी माइक दिला नाही.

आणि रिकी विल्यम्सबद्दल: तो २००२ मध्ये मायामीकडून खेळताना १,८५३ यार्डांसह अख्ख्या लीगमध्ये रशिंगमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळण्यात, पहिला आला होता. कटाल्डींचं मत इतकंही टाकाऊ नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाने त्याच्यासाठी त्या वर्षीचे आपले सगळे पिक, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या, देऊन टाकले, ते काय कटाल्डींनी सांगितलं म्हणून?

वाचनवेडी

भाकितांचं सोडा हो, ती कुणाचीही चुकतात. मला खुपतो तो माज.

डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाकडे अल अल्बुर्केर्की नावाचा रिलीफ पिचर (बदली गोलंदाज) होता. एका श्रोत्याने फोन करून सरळपणे त्याचं नाव घेतलं. फ्रान्सेसांनी ते कधी ऐकलं नव्हतं. मग काय करावं? 'थांबा, बघतो' म्हणावं. ते नाही. असा कोणी खेळाडूच नाही, तुम्ही माझी फिरकी घेताय, अशा सुरात त्या बिचाऱ्यालाच झटकलं. श्रोता बरोबर होता. फोन ठेवायचं बटण मात्र होस्टच्या हाताशी होतं.

२०१२ मध्ये ते वार्ताहराशी बोलता बोलता ऑन एअर पेंगले. क्लिप अख्ख्या शहराने पाहिली. तरी म्हणे, मी झोपलोच नव्हतो! डुलकी लागते माणसाला, त्याचं काही नाही. पण समोर व्हिडिओ असताना?

ज्याच्याकडे बटण आहे तोच नेहमी बरोबर, अशी सवय या धंद्यात लागते. तिरकस, तुम्ही ज्याला कसब म्हणताय त्याचा निम्मा भाग हाच आहे.

तिरकस

@वाचनवेडी, आणि त्याच क्लिपा ऐकून लोक हसले, परत परत ट्यून करत राहिले. उद्या हा माणूस काय बोलेल म्हणून. माज हा कच्चा माल आहे. नम्र होस्ट मी ऐकलेत, अर्ध्या तासात स्टेशन बदललंय.

वाचनवेडी

म्हणजे माज विकला जातो म्हणून तो गुण? धन्य आहे.

रेषेबाहेर

दोघंही न्यूयॉर्कमध्ये अडकलात. जिम रोम आठवतात का? सॅन दिएगोच्या रेडिओवर नाव कमावलं, मग ईएसपीएन २ या खेळांच्या चॅनेलवर टीव्ही शो मिळाला. १९९४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जिम एव्हरेट पाहुणा म्हणून आला. तो मैदानात मार खायला घाबरतो अशी टिंगल रोम आधीपासून करत होते आणि महिला टेनिसपटू क्रिस एव्हर्टच्या नावावरून त्याला 'क्रिस' म्हणत होते. आता तो समोर बसलेला. पुन्हा म्हणून बघ, अशी त्याने तंबी दिली. रोम पुन्हा म्हणाले. एव्हरेटने मधलं टेबल उलथवलं आणि रोमना जमिनीवर आडवं केलं.

त्यानंतर रोम देशभर प्रसिद्ध झाले. एव्हरेटची कारकीर्द मोठी होती, तरी आज बहुतेकांना ते टेबलच आठवतं. या धंद्यात बक्षीस कशाला मिळतं ते यावरून समजा. कट्टेकरींचा हिशेब कितीही चोख असला तरी त्या टेबलापुढे टिकणार नाही.

ऐकीव

थोडं अवांतर. एकट्याच्या आवाजावर कारकीर्द उभी करणारा माणूस आपल्याकडेही होऊन गेला, बॉबी तल्यारखान. १९३० च्या दशकापासून क्रिकेटची रेडिओ कॉमेंट्री, दिवसभर एकटे, माइक दुसऱ्याच्या हाती देणं नाही. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा आकाशवाणीने तिघांत कॉमेंट्री वाटायचं ठरवलं, तर हे बाजूलाच झाले. काम वेगळं होतं, मान्य. पण 'माझ्याशिवाय कार्यक्रम नाही' हा ताठा अगदी तोच.

तिरकस

@ऐकीव, पण ते बोलले तसे वागले तरी. रुसोंपेक्षा बरे!

घड्याळजी

क्रेग कार्टनचा विषय कोणीच काढला नाही? डब्ल्यूएफएएनच्याच सकाळच्या कार्यक्रमातले. २०१७ च्या सप्टेंबरात अटक. कार्यक्रमांची तिकिटं घाऊक घेऊन विकायचा धंदा दाखवून गुंतवणूकदारांचे पैसे उचलले, त्यातला बराचसा जुगाराच्या देण्यांत गेला. २०१८ मध्ये दोषी ठरले, साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. २०२० मध्ये बाहेर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच स्टेशनवर परत, तेही दुपारच्या मोक्याच्या वेळेत.

कट्टेकरी

@घड्याळजी, मी हेच म्हणतोय. बँकेतल्या कारकुनाला अशी परत खुर्ची मिळेल का?

घड्याळजी

कट्टेकरी, घाई करू नका, मी तुमच्या बाजूने नाही. परत आल्यावर त्या माणसाने शनिवारी सकाळी जुगाराच्या व्यसनावर वेगळा कार्यक्रम चालवला. स्वतःची लक्तरं वेशीवर टांगली, फोन करणाऱ्यांचं ऐकून घेतलं. हा विषय माइकवर त्याच्याइतक्या अधिकाराने बोलणारा दुसरा कोण होता? शिक्षा भोगली, संपलं. होस्टकडे त्याच्या आयुष्याशिवाय दुसरं भांडवल काय असतं?

मला काळजी वाटते ती वेगळीच. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या बेटिंगवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला. तेव्हापासून एकेक राज्य दारं उघडत गेलं आणि रेडिओवर बेटिंग कंपन्यांच्या जाहिरातींचा पूर आला. आधी होस्ट म्हणायचा, 'रविवारी जायंट्स नक्की जिंकणार', आणि ऐकणारा फार तर ऑफिसात तोंडघशी पडायचा. आता तोच होस्ट तेच वाक्य बोलतो आणि पुढच्या तीस सेकंदांत स्वतःच्याच आवाजात बेटिंग ॲपची जाहिरात वाचतो. ऐकणाऱ्याच्या हातात फोन आहेच.

वाचनवेडी

हा मुद्दा पटला. इथे चुकीच्या मताची किंमत श्रोता मोजतो.

तिरकस

खरं आहे, जाहिरातीचं मला उत्तर नाही. पण तो दोष स्टेशनच्या गल्ल्याचा. डब्ल्यूएफएएनची मालक कंपनी ऑडसी २०२४ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी ऑगस्टअखेर ईएसपीएनने न्यूयॉर्कमधली ९८.७ एफएम सोडली. उत्पन्न असं आटल्यावर बेटिंगवाल्यांना नाही कोण म्हणणार? कॉलिन काउहर्डसारखे होस्ट पॉडकास्टची स्वतःची कंपनी काढून बसले. तिथे तर काचेपलीकडचा पोऱ्याही नाही आणि फोन करणारा क्वीन्सवालाही नाही. उलट कोण बोलणार?

रेषेबाहेर

आणि बायका कुठे आहेत या सगळ्यात? १ जुलै १९८७ ला डब्ल्यूएफएएनवर पहिला आवाज सूझिन वॉल्डमन यांचा होता. बातम्या त्यांनी दिल्या, मैदानावर जाऊन वार्तांकन त्यांनी केलं, धमक्याही त्यांनीच झेलल्या. पुढे २००५ पासून यांकीजच्या रेडिओ कॉमेंट्रीत त्या आहेत. दुपारचा तो साडेपाच तासांचा सिंहासनवजा स्लॉट मात्र पुरुषांकडेच फिरत राहिला. फ्रान्सेसांचं कसब मला मान्य आहे, पण त्या खुर्चीसाठी शर्यत लागली तेव्हा रांगेत उभं कोणाला केलं होतं, तेही बघा.

कट्टेकरी

@रेषेबाहेर, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

@तिरकस, साडेपाच तास भरणं अवघड आहे, कबूल. पण सर्कशीतला माणूस कसरत करतो तेव्हा आपण जाणकार आहोत असा दावा करत नाही. हे लोक दावा करतात, त्यावर पगार घेतात, आणि घड्याळजी म्हणतात तसं आता त्यावर ॲपही विकतात. ज्या कार्यक्रमात बेटिंगची जाहिरात होस्टच्या आवाजात आहे, तिथे त्याच होस्टची गेल्या महिन्यातली बरोबर-चूक भाकितं वाचून दाखवावीत. बाकीच्यांना मी माफ केलं.

तिरकस

जाहिरातीच्या आधी वाचायची की नंतर? आधी असेल तर मी तुमच्या बाजूने.