मदत हवी आहे: आत्याच्या लॅपटॉपवर ‘टेक सपोर्ट’वाल्याने ताबा मिळवला होता, आता काय काय करावं?

नमस्कार मंडळी,

आत्या साताऱ्याला एकटी राहते, निवृत्त शिक्षिका, वय ७१. शनिवारी पाककृती शोधताना पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि ‘व्हायरस सापडला, संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ असं झळकलं. तिने फोन केला. पलीकडचा माणूस एकदम आदबशीर. त्याने आधी एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवता येणारं ॲप) टाकायला लावलं, मग विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (संगणकातल्या घडामोडींची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. ‘बघा मॅडम, एवढे हॅकर आत आहेत.’ धडधाकट संगणकातही असल्या नोंदी ढिगाने असतात, पण हे तिला कोण सांगणार! नेटबँकिंग उघडा म्हणाल्यावर मात्र तिला संशय आला. तिने फोन ठेवला आणि बटण दाबून धरून लॅपटॉपच बंद केला. पैसे वाचले.

वायफाय बंद आहे, बँकेला सांगून नेटबँकिंग थांबवलंय, ईमेलचा पासवर्ड तिच्या मोबाईलवरून बदललाय.

एनीडेस्क काढून टाकलं की पुरे, की विंडोज नव्याने टाकू? पुन्हा न विचारता शिरता यावं म्हणून तो माणूस एनीडेस्कमध्ये स्वतःचा पासवर्ड लावून गेला असेल, किंवा आणखी काही ठेवून गेला असेल, ही धास्ती आहे. त्यात तिने टाइप केलेल्या आजोबांच्या आठवणी आहेत, त्या पेनड्राइव्हवर घेणं सुरक्षित आहे का?

आता ‘तुमचे पैसे परत करायचेत’ म्हणून वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतायत. पैसे गेले असते तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली असती. हे नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर टाकतोय. पण नुकसान झालेलं नसताना सायबर पोलिसांत तक्रार कोणी केली आहे का? दखल घेतात का?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे पुन्हा होऊ नये. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो, आणि पडदा अडकला तर एस्केप बराच वेळ दाबून ठेवायचं, एवढं मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहे. ॲडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, हे घरातल्या ज्येष्ठांसाठी कोणी करून दिलंय का? रोज वापरताना अडचण होते का?

लॅपटॉप काढून घ्या, असं कृपया सुचवू नका. तिचं वाचन, लेखन, नातवाशी बोलणं सगळं त्यावरच चालतं, आणि या प्रकाराने ती आधीच खचली आहे.

विंडोज ११ आहे. शुक्रवारी पुण्याहून साताऱ्याला जातोय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.