मदत हवी आहे: गारगोटीच्या शिरेत सोनं साचतं कसं?

नमस्कार मंडळी. सिन्नरजवळ मामांच्या विहिरीचं काम चालूय, परवा सुरुंगानंतर मांजऱ्या (पोकळ्या-पोकळ्यांच्या बेसाल्ट) खडकातनं मुठीएवढा दगड निघाला, आतून पोकळ आणि सगळीकडे पांढरे टोकदार स्फटिक. मुलगी नववीत आहे, तिने लगेच विचारलं, बाबा कोलारला सोनं गारगोटीतच सापडायचं ना, मग यात का नाही? आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर भरल्या, कोलारचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, इथपर्यंत सांगितलं. पण पुढे मीच अडकलो. भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकतो तिथल्या, भेगेतून गरम पाणी वर येतं म्हणे, पण एक टन पाण्यात सोनं मिलिग्रॅमच्या हिशोबात, मग एवढं साचतं कसं? बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर खार चढतो तसंच का? नीट समजावून सांगा प्लीज, तिला अर्धवट सांगायचं नाहीये.

प्रतिसाद:
दादा, थरावर थर चढतात हे बरोबर, पण खार तापल्यामुळे बसतो, इथे दाब उतरल्यामुळे. खाली काही किलोमीटरवर, साधारण 250 ते 400 अंशाला, सोनं पाण्यातल्या गंधकाला धरून विरघळलेलं असतं. भ्रंश बंद असला की खाली पाण्याचा दाब वाढत जातो, शेवटी भूकंप होऊन भेग उघडते आणि दाब एकदम पडतो. मग पाण्यातले वायू सुटतात, त्यांच्याबरोबर गंधकही जातं, सोन्याचा आधार सुटला की ते तिथेच बसतं, सिलिकाही बसते आणि तिची गारगोटी होऊन भेग पुन्हा बुजते, हीच ती शीर. परत दाब, परत भूकंप, असं शेकडो हजारो वेळा, त्यामुळे पाणी कितीही पातळ असलं तरी हिशोब जमतो. शिवाय बाजूच्या खडकात लोह भरपूर असेल तर ते गंधक ओढून घेतं, त्याचं पायराइट होतं आणि तिथेही सोनं बसतं.

धागाकर्ता:
खूप खूप आभार ताई! कागदावर भेग काढून सांगितलं, तर म्हणते प्रत्येक उघडझाकीची खूण दगडात दिसत असेल ना? कुणाकडे कोलार किंवा कर्नाटकातल्याच हट्टी सोन्याच्या खाणीतला, पांढऱ्यात काळ्या रेघा असलेला तुकडा असेल तर जवळून काढलेला फोटो टाका ना.