क्षेत्रफळ काढायला ‘उलटं डेरिव्हेटिव्ह’ का? बारावीच्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार. तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला गणित शिकवते. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, त्यामुळे वर्गात संकलन आणि इंटिग्रेशन दोन्ही शब्द चालतात. पुस्तकात अनिश्चित संकलन (म्हणजे उलटं डेरिव्हेटिव्ह) आधी आणि निश्चित (म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ) नंतर येतं. यंदा मी मुद्दाम क्रम उलटा केला, क्षेत्रफळापासून सुरुवात केली.

आलेख कागदावर एक्स वर्गाचा वक्र काढून ० ते १ मध्ये १० उभ्या पट्ट्या पाडल्या. वक्राखाली मावणाऱ्या पट्ट्यांची बेरीज ०.२८५, वर डोकावणाऱ्यांची ०.३८५. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये, हे मुलांनीच सांगितलं. १०० पट्ट्यांना ०.३२८३५ आणि ०.३३८३५ आलं, तशी खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, एक तृतीयांश!” गणितज्ञ लाइबनिट्सने १६७५ मध्ये बेरजेच्या लॅटिन शब्दातला ‘एस’ लांब ओढून संकलनाचं चिन्ह केलं, हे सांगितल्यावर चिन्हाची धास्तीही गेली.

अडलं ते दुसऱ्या दिवशी. ज्याचं डेरिव्हेटिव्ह एक्स वर्ग येतं ते एक्स घन भागिले ३ लिहिलं, एक्सच्या जागी १ घातला, उत्तर तेच. त्याच मुलीने विचारलं, “डेरिव्हेटिव्ह म्हणजे स्पर्शिकेचा चढ ना? मग ते उलटं केलं की क्षेत्रफळ कसं काय निघतं?”

फार मोलाचा प्रश्न आहे हा. मी सांगितलं की उजवी कड किंचित पुढे सरकवा. नवी भर पडते ती जवळजवळ आयताची, उंची त्या जागी वक्राची जेवढी तेवढी. म्हणजे क्षेत्रफळ वाढण्याचा दर हीच ती उंची. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण दोन दिवसांनी एकालाही ते आपल्या शब्दांत सांगता येईना.

मग एसटीचं उदाहरण घेतलं. अर्धा तास ताशी ४० किमी, पुढचा अर्धा तास ६०, अंतर ५० किमी. वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळही ५०. हे पटलं, पण लगेच शंका आली, की क्षेत्रफळ चौरसात, मग किलोमीटर कसे? उभ्या अक्षावर किमी प्रति तास, आडव्यावर तास, गुणाकार किमी, हे उलगडण्यातच तास संपला.

ही ‘कड सरकवण्याची’ गोष्ट हाताने करून पाहता येईल असा प्रयोग कुणी वर्गात केला आहे का? प्रोजेक्टर नाही, पण आलेख कागद, पुठ्ठा, पाण्याची बादली काहीही चालेल. आणि एककांची शंका तुम्ही आधीच सोडवून घेता, की मुलांनी विचारेपर्यंत थांबता?