ईबीजीपी सेशन वर येतं आणि तीन मिनिटांनी पडतं: एल३ स्विच

ट्रंकपोर्ट
दोन एल३ (रूटिंग करणारे) स्विच आहेत. ‘अ’चा एएस (स्वायत्त नेटवर्कचा क्रमांक) ६५०१०, ‘ब’चा ६५०२०, आणि मध्ये एक जुना एल२ (फक्त फ्रेम पुढे ढकलणारा) स्विच. व्हीलॅन ९० च्या एसव्हीआयवर (स्विचमधला त्या व्हीलॅनचा आयपी इंटरफेस) /३० देऊन त्याच पत्त्यांवर ईबीजीपी (वेगळ्या एएसमध्ये रूटची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) लावलंय. दोन्ही एसव्हीआयचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९०००. चाचणीत दहा-बारा रूट होते तोवर सगळं सुरळीत होतं. आता ‘ब’कडून चार हजार प्रिफिक्स (नेटवर्क पत्त्यांचे गट) यायला हवेत, तर सेशन एस्टॅब्लिश्ड होतं, प्रिफिक्स जवळपास शून्य, आणि साधारण १८० सेकंदांनी खाली. मग पुन्हा वर. ‘अ’च्या लॉगमध्ये ‘नोटिफिकेशन सेंट ४/०, होल्ड टाइम एक्स्पायर्ड’. साधा पिंग एकदम स्वच्छ. होल्ड टाइम (समोरून काहीच आलं नाही तर सेशन तोडण्याआधी थांबायची वेळ) वाढवू का?
शिवाय पुढे याच स्विचवर दोन आयएसपींकडून फुल टेबल (इंटरनेटचे सगळे रूट) घ्यायचा विचार आहे. चालेल ना?

रूटमॅप१०
होल्ड टाइमला हात लावू नका. पडायला उशीर होईल, एवढंच.

मधल्या स्विचचा एमटीयू बघा. टीसीपी जोडणी होताना दोन्ही टोकं आपापल्या एमटीयूवरून एमएसएस (एका टीसीपी सेगमेंटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) ठरवतात, तुमच्याकडे ८९६०. मधला एल२ स्विच त्या बोलणीत नसतोच. बीजीपीचा सुरुवातीचा ओपन संदेश लहान, ‘मी चालू आहे’ सांगणारा कीपअलाइव्ह तर १९ बाइटचा. ते निघून जातात. रूट सांगणारे बरेच अपडेट एकत्र बांधून मोठा सेगमेंट निघाला की तो स्विच मुकाट्याने टाकून देतो, आणि एल२ असल्यामुळे आयसीएमपीने कळवतही नाही. चाचणीत हे दिसलं नाही, कारण दहा रूटचे अपडेट १५०० च्या आत बसत होते.

कीपअलाइव्ह तरी का पोचत नाहीत? तेही त्याच टीसीपी प्रवाहात असतात. मागून निघालेला कीपअलाइव्ह ‘अ’पर्यंत आला, तरी आधीचा तुकडा मिळेपर्यंत टीसीपी तो बीजीपीच्या हाती देत नाही. म्हणून ‘अ’ १८० मोजून ४/० पाठवतो. तो कोणी पाठवला यावरून अडथळ्याची दिशा कळते: इथे ‘ब’कडून ‘अ’कडे.

खात्रीसाठी ‘ब’वरून डीएफ बिट (‘पॅकेटचे तुकडे करू नका’) लावून पिंग करा. लिनक्सच्या पिंगमध्ये आकार फक्त पेलोडचा असतो, हेडरचे २८ बाइट वेगळे, म्हणजे १४७२ गेला आणि १४७३ अडला तर मध्ये १५०० आहे. काही स्विच आयपी हेडरही आकारात धरतात, तिथे हाच आकडा १५००/१५०१.

मग एकतर मधल्या स्विचवर जंबो (१५०० हून मोठ्या) फ्रेम चालू करा (काही मॉडेलना त्यासाठी रीलोड लागतो), नाहीतर दोन्ही एसव्हीआय १५०० वर आणा. नंतर सेशन हार्ड क्लिअर करा, म्हणजे तोडून नव्याने जोडा. सॉफ्ट क्लिअरमध्ये टीसीपी जोडणी जुनीच राहते आणि एमएसएसही.

टीकॅम
निदानाशी सहमत. फुल टेबलबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: नको.

आयपीव्ही४ चं फुल टेबल नऊ लाखांच्या वर गेलंय. बहुतेक कॅम्पस स्विचच्या हार्डवेअरमध्ये काही हजार ते काही दशहजार रूट मावतात. ते भरलं की सेशन हिरवंच दिसतं, बीजीपी टेबलमध्ये रूटही असतो, पण हार्डवेअरमध्ये नाही. मग मॉडेलप्रमाणे ती ट्रॅफिक सीपीयूवर जाते किंवा सरळ गळते. बीजीपीची कमांड पाहून हे कधीच सापडणार नाही. हार्डवेअर टेबलचा वापर वेगळा बघावा लागतो.

दोन्ही आयएसपींकडून फक्त डिफॉल्ट रूट मागा, फार तर त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे रूट. येणाऱ्या बाजूला प्रिफिक्स लिस्ट (कोणते रूट घ्यायचे त्याची यादी) आणि मॅक्सिमम-प्रिफिक्स (रूटच्या संख्येची मर्यादा) लावाच. जाणाऱ्या बाजूला फक्त स्वतःचे प्रिफिक्स सोडा, नाहीतर एका आयएसपीचे रूट दुसऱ्याला सांगून फुकटचे ट्रान्झिट (दुसऱ्यांची ट्रॅफिक वाहणारे) व्हाल.

ट्रंकपोर्ट
१४७२ गेला, १४७३ नाही. जंबो चालू करून हार्ड क्लिअर केलं, चार हजार प्रिफिक्स आले. फुल टेबल रद्द.
आमचा /२२ मात्र ‘ब’ला दिसत नाही. नेटवर्क ओळ (बीजीपीला तो जाहीर करायला सांगणारी) टाकलेली आहे.

रूटमॅप१०
रूटिंग टेबलमध्ये नेमका तोच /२२ आहे का? नेटवर्क ओळीला प्रिफिक्स आणि मास्क दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात. आतले चार /२४ असून भागत नाही. त्या /२२ चा नल०कडे (पॅकेट टाकून देणारा इंटरफेस) स्टॅटिक रूट टाका, डिस्टन्स (आकडा जितका मोठा तितकं प्राधान्य कमी) २५४ ठेवा. /२४ जास्त नेमके असल्यामुळे आतली ट्रॅफिक त्यांनीच जाईल.

ट्रंकपोर्ट
टेबलमध्ये /२२ नव्हताच, फक्त /२४ होते. नल० टाकल्यावर दिसला.