मदत हवी आहे: कुत्र्याचे मागचे पाय लटपटतात

नमस्कार मंडळी, आम्ही फ्लोरिडात नेपल्सजवळ राहतो. आमचा ९ वर्षांचा जर्मन शेफर्ड, शेरू, महिनाभर मागचे पाय ओढत चालतोय. नखं घासून रक्त येतं, तरी विव्हळत नाही. इथल्या रानातल्या पँथर आणि बॉबकॅटना मज्जारज्जूचा आजार होत असल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं होतं. तेही मागच्या पायांनी असेच झोकांड्या खातात, म्हणून जीव घाबरतो. डॉक्टरांना मात्र डीजनरेटिव्ह मायलोपथीचा (कुत्र्यांचा मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा आजार) संशय आहे. त्यासाठी या आजाराशी संबंधित एसओडी१ जनुकाची चाचणी सांगितलीय. कुणाच्या कुत्र्याला हे झालंय का? फिजिओथेरपीने किती फरक पडला? मागून उचलून धरायचा पट्टा कसा निवडलात? रात्री उठता येत नाही म्हणून तो नुसता माझ्याकडे बघत राहतो. ते बघवत नाही हो.