मदत हवी आहे: दोन दुकानं, दोन प्रिंट आणि स्टिअरिंग अजून वाकडंच

नमस्कार मंडळी,

गाडीतलं मला कळतं ते एवढंच की पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे. तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गाडी पाच वर्षांची, साधी हॅचबॅक. दोन महिन्यांपूर्वी पुढचं डावं चाक एका खड्ड्यात असं आदळलं की मागे गाढ झोपलेली मुलगी उठून बसली. टायर फुटला नाही, रिम वाकलेली दिसली नाही, म्हणून मी विषय सोडून दिला. आठवड्याभराने लक्षात आलं की सरळ सपाट रस्त्यावर गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंगवरचा लोगो किंचित उजवीकडे कललेला असतो. फार नाही. घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या हिशेबात जेमतेम एक मिनिट. पण एकदा दिसलं की भिंतीवरच्या तिरक्या फ्रेमसारखं सारखं तेच दिसत राहतं.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घेतली. दुकान चकचकीत, थ्रीडी मशीन, मोठा स्क्रीन. मला बाहेर खुर्चीत बसवलं. वीस मिनिटांत गाडी हातात, सोबत कोनांच्या आकड्यांचा प्रिंट, आणि बिलात अलाइनमेंटपेक्षा इतर गोष्टीच जास्त: चारही चाकांचं बॅलन्सिंग, नायट्रोजन, टायर पॉलिश. मी "हो, हो" म्हणत गेलो, चूक माझी. स्टिअरिंग तीन-चार दिवस सरळ होतं. मग पुन्हा वाकडं.

दहा दिवसांनी दुसऱ्या दुकानात गेलो. त्यांनी फक्त रीडिंग घेतलं आणि सांगितलं, "साहेब, कॅम्बर गेलाय. दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) बदलावे लागतील. नाहीतर जॅक लावून कॅम्बर खेचून देतो, आज काम भागेल." खेचून देतो हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. विचार करून सांगतो म्हटलं, रीडिंगचे पैसे दिले आणि निघालो.

दोन्ही प्रिंट जपून ठेवलेत. आकडे देतो, कोणाला काही उमगलं तर बघा.

पहिलं दुकान, काम झाल्यानंतर: पुढचं डावं टो +०°०४', उजवं +०°०४'.
दुसरं दुकान, दहा दिवसांनी: डावं टो −०°३६', उजवं +०°०६'. कॅम्बर डावा −०°३०', उजवा −०°२०'. कंपनीची कॅम्बरची हद्द −१°००' ते ०°००' अशी छापली आहे.

काल अजून एक दिसलं. डाव्या टायरची आतली कडा बाहेरच्यापेक्षा चांगलीच झिजली आहे. तिच्यावरून आडवा तळहात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला की करवतीचे दाते लागावेत तसं.

आता मुद्द्याचं. मला खोटं कोण बोलतंय यापेक्षा हे हवंय की तिसऱ्या दुकानात जाताना त्याला काम येतं की नाही, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं? स्वस्त हवं, पण दोनदा पैसे घालवून झालेत, आता स्वस्ताची व्याख्या बदलली आहे.

प्रतिसाद

थ्रीडी मशीन असलेल्याच दुकानात जा. जुन्या सेन्सरवाल्यांकडे जाऊ नका. बाकी सगळे चोर.

धागाकर्ता

पहिल्या दुकानात थ्रीडीच होतं हो.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं हेच काम केलंय, आता करत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी तुमचे आकडे. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत वळलंय की बाहेर. अधिक म्हणजे आत, उणे म्हणजे बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाकाचा माथा किती कललाय, उणे म्हणजे गाडीकडे आत. एका अंशात साठ मिनिटं. उजव्या चाकाचं रीडिंग दोन्ही दुकानांत जवळपास तेच आहे, ४ आणि ६. वेगळी मशीन, वेगळी माणसं, तरी फरक दोन मिनिटांचा. म्हणजे दोन्ही मशीन बरोबर मोजतायत. डावं मात्र ४ वरून उणे ३६ वर गेलंय, ४० मिनिटांचा फरक. खोटं कोणी बोललेलं नाही. डावं चाक मधल्या दहा दिवसांत हललंय.

पडताळा हवा? स्टिअरिंग सरळ धरलं तर तुमचं डावं चाक ३६ मिनिटं डावीकडे बघतंय. उजवं ६ मिनिटं आत, म्हणजे तेही डावीकडेच. सरासरी २१ मिनिटं. गाडी सरळ न्यायला तेवढं उजवीकडे वळवावं लागणार. स्टिअरिंग आणि चाक यांचं गुणोत्तर अशा गाड्यांत साधारण १५-१६ ला एक असतं, म्हणजे स्टिअरिंगवर साडेपाच अंश. घड्याळाचं एक मिनिट म्हणजे ६ अंश. तुमची नजर चांगली आहे.

तळहाताला लागणारे दातेही तेच सांगतात. चाक धावतं एका दिशेने आणि तोंड दुसरीकडे, त्यामुळे रबर आडवं घासलं जातं. दाते आले की आधी टो बघायचा, आणि बाहेर वळलेल्या टोमध्ये आतली कडा आधी जाते. नुसता कॅम्बर बिघडला तर एक कडा झिजते, पण सहसा गुळगुळीत झिजते. आणि तुमचा कॅम्बर तर दोन्हीकडे हद्दीच्या आत आहे! स्वतःच्याच प्रिंटवर हिरवा दिसणारा आकडा "गेलाय" म्हणणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

जॅक लावून खेचण्याबद्दल: नका करू. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब) असलेल्या बऱ्याच गाड्यांत कॅम्बरला कंपनीची अॅडजस्टमेंट नसते, असलीच तर स्ट्रटच्या बोल्टमध्ये थोडीशी. कॅम्बर खरंच बाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा बुश (सांध्यातलं रबर) गेलंय. तो भाग शोधून बदलायचा. खेचतात तेव्हा चांगलं लोखंड वाकवून वाकड्या लोखंडाशी जुळवतात.

मग डावं चाक हललं का? दोनच शक्यता मला दिसतात. एक, टो लावताना टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) लॉक नट सैल करून रॉड फिरवतात, तो नट नंतर नीट आवळला नाही. दोन, डाव्या टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यात, प्ले (ढिलेपणा) आलाय. खड्ड्याची हकीकत बघता माझा कौल दुसऱ्याला. तिथला स्टिअरिंग आर्म (टाय रॉड चाकाला ज्यातून वळवतो तो हात) साधारण १३ सेंटिमीटरचा धरला तर ४० मिनिटांसाठी दीड मिलिमीटर प्ले पुरतो.

आणि इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. गाडी रॅम्पवर घेतल्यावर माणूस आधी कुठे जातो ते बघा. स्क्रीनकडे गेला तर सावध व्हा. खाली गेला तर थांबा. टायरमधली हवा बघून, चाक उचलून, दोन्ही हातांनी घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून तो हलवून बघेल. तिथे खटखट लागली तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगचा रॅक (टाय रॉड ढकलणारी दातेरी पट्टी). बारा आणि सहावर लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग लोअर आर्मच्या बुशला टॉमी (छोटी पहार) लावून बघेल. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या स्टुलावर ठेवलेला तराजू. पहिल्या दुकानात मशीन उत्तम होतं, पण वीस मिनिटांत बॅलन्सिंगसकट सगळं उरकलं, तेव्हा खाली कोणी गेलं नसणार.

मशीनबद्दल वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही. नियमित कॅलिब्रेट केलेलं जुनं सेन्सरचं मशीनही चांगलं काम देतं. फक्त त्यात प्रत्येक चाक उचलून फिरवावं लागतं, म्हणजे रिमला लावलेल्या क्लॅम्पचा वाकडेपणा हिशेबातून निघतो. थ्रीडीत त्यासाठी गाडी थोडी मागेपुढे ढकलतात. ही पायरी गाळली तर दोन्ही मशीन सारखंच चुकतात.

एक परीक्षा सांगतो, पण गोड बोलून घ्या. काम संपल्यावर म्हणा, "क्लॅम्प काढून परत लावून एकदा रीडिंग दाखवाल का?" दोन-चार मिनिटांच्या फरकाने तेच आकडे आले पाहिजेत. चांगला कारागीर हसून करतो. जो चिडतो, त्याला आकडे परत तेच येतील याची स्वतःलाच खात्री नसते.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. दोन गोष्टी माझ्याकडून.

बॅलन्सिंग तुम्हाला लागत होतं का? ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर लागतं. वाकड्या स्टिअरिंगशी त्याचा संबंध नाही. दोन्ही कामं एकाच दुकानात होतात म्हणून लोक एकच समजतात, आणि दुकानदार कशाला समजूत काढेल?

दुसरं, ज्यांची गाडी एका बाजूला ओढते त्यांनी अलाइनमेंटला पळण्याआधी पुढचे दोन टायर आपापसांत बदलून बघा (एकाच दिशेने फिरणारे, बाण असलेले टायर सोडून). ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा. माझे अलाइनमेंटचे दोन फेरे यात फुकट गेले होते. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेकडे किंचित ओढ तर धडधाकट गाडीलाही असते.

धागाकर्ता

तुमचा प्रतिसाद फोनवर उघडा ठेवूनच तिसऱ्या दुकानात गेलो. पत्र्याची शेड, एकच रॅम्प, मशीनच्या स्क्रीनचा एक कोपरा तडकलेला. मी काही बोलायच्या आत काकांनी विचारलं, "गाडी कुठे आदळली होती का?" पहिल्या दोन दुकानांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

हवा बघितली, डावं चाक उचललं, नऊ-तीनवर धरून हलवलं. टक् टक्. मग मला म्हणाले, "तुम्ही हलवा, मी खाली हात लावतो," आणि नंतर जागांची अदलाबदल करून मला खाली बसवलं. टाय रॉड एंडवर बोटं ठेवली तर आतला गोळा बोटाखाली उडी मारतो, ते स्पष्ट जाणवलं. उजव्या बाजूला काहीच नाही. लोअर आर्मच्या बुशना टॉमी लावून बघितली आणि म्हणाले, हे अजून चालतील, बदलू नका.

डावा एंड बदलला, मगच अलाइनमेंट. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोनदा डावी-उजवीकडे फिरवलं, सरळ करून क्लॅम्पने बांधलं, ब्रेकच्या पेडलला दांडा लावला, तेव्हा पान्हा हातात घेतला. लॉक नट आवळताना रॉड दुसऱ्या पान्ह्याने धरून ठेवला होता आणि नजर स्क्रीनवर, कारण आवळताना आकडा सरकतो म्हणे. शेवटी डावं +०°०५', उजवं +०°०५'.

परत रीडिंग दाखवाल का, हे विचारताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. काका म्हणाले, "आधी एक चक्कर मारून या. मग दाखवतो." आलो, परत लावलं: ०५ आणि ०६. सुटा भाग धरूनही बिल पहिल्या दुकानापेक्षा कमी.

तीन आठवडे झाले, लोगो सरळ आहे. आता शेवटचा प्रश्न. तो डाव्या बाजूचा झिजलेला टायर मागे टाकून वापरला तर चालेल का? बाकी टायर बरा आहे.

प्रतिसाद

आतल्या कडेच्या खाचेत बघा, तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. रबर त्याच्या बरोबरीला आलं असेल तर तो टायर पुढेही नको आणि मागेही नको. अजून चांगलं अंतर असेल तर पुढेच राहू द्या. कमी नक्षीचे टायर मागे टाकले की ओल्या रस्त्यावर वळणात गाडीची शेपूट सुटते, आणि ती सावरणं पुढची चाकं घसरण्यापेक्षा कठीण. दाते मात्र लगेच जाणार नाहीत, थोडा घुंऽऽ आवाज येत राहील. त्यासाठी चौथ्या दुकानात जाऊ नका.